बादलीतली मुकी शिट्टी

पाण्याने भरलेल्या बादलीत पंचाची शिट्टी बुडवा आणि जोर लावून फुंका. नुसतं बुडबुड ऐकू येतं. फुंकर तीच, शिट्टी तीच, मग स्वर गेला कुठे?

शिट्टीत धातू किंवा प्लॅस्टिक वाजत नाही, वाजते ती हवा. अरुंद फटीतून ती पातळ पट्टीसारखी निघते आणि समोरच्या धारदार कडेवर आदळते. ही पट्टी स्थिर राहत नाही. आत झुकली की पोकळीतला दाब वाढतो आणि तिला बाहेर ढकलतो. दाब उतरला की ती पुन्हा आत झुकते. हा झोका सेकंदाला दोन-तीन हजार वेळा चालतो. आपला कान नेमका याच टप्प्यातल्या स्वरांना फार तिखट असतो, म्हणून भरल्या मैदानातही शिट्टी लपत नाही. आतला गोळा मूळ स्वर काढत नाही. तो गरगरताना हवेची वाट अडवतो, सोडतो, त्यामुळे ‘टर्रर्र’ उमटतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. बुडालेल्या शिट्टीच्या फटीसमोर तेच उभं असल्याने हवेची पट्टी तयारच होत नाही, तिचे बुडबुडे होतात. पण बुडबुडेही गातात! आतली हवा स्प्रिंगसारखी आकसते-फुगते आणि भोवतालचं पाणी हलतं. खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये याचं गणित मांडलं: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३३०० कंपनं करतो. मोठ्या बुडबुड्याचा स्वर खाली उतरतो. आपल्या फुंकरीतून मोठेच बुडबुडे निघतात, म्हणून तो घोगरा आवाज.

नुसत्या द्रवावर चालणारी शिट्टीही असते. तिच्यात पंप द्रवाची जोरदार धार पातळ पात्यावर आदळवतो आणि पातं थरथरतं. कारखान्यांत तेल-पाणी एकजीव करायला ती वापरतात.

मला सर्वांत नवल वाटतं ते डॉल्फिनचं. त्यांच्या शिट्ट्या समुद्रात दूरवर जातात. त्या कशा निघतात? १९७७ मध्ये एका डॉल्फिनला हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण श्वासात देऊन ध्वनिमुद्रण केलं होतं. हेलियममध्ये ध्वनी वेगाने जातो, त्यामुळे पोकळीतल्या हवेचा स्वर असता तर तो वर चढला असता. २०११ मध्ये त्या ध्वनिमुद्रणाचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की शिट्टीचा स्वर हललाच नव्हता. म्हणजे थरथरतात त्या नाकाच्या मार्गातल्या मांसल घड्या, जवळपास आपल्या स्वरयंत्रासारख्या. त्यांना हलवणारी हवा डोक्यातच राहते आणि डॉल्फिन तीच पुन्हा वापरतो.