जाळरेषा

वणवा एका वनखंडातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून गवत, पाचोळा व झुडपे काढून मोकळा ठेवलेला पट्टा. त्यातले गवत आगीच्या हंगामाआधीच जाळतात, म्हणून हे नाव.

भारतातील पद्धतशीर आगबंदीची, म्हणजे वनाला आगीपासून राखण्याच्या व्यवस्थेची, सुरुवात सामान्यतः मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलाशी (तेव्हाचा होशंगाबाद, आताचा नर्मदापुरम जिल्हा) जोडली जाते. वनाधिकारी कर्नल जी. एफ. पिअर्सन यांनी ती तेथे 1860 च्या दशकाच्या मध्यास राबवली. बोरी राखीव झाल्याचे वर्ष 1865 दिले जाते. आगबंदीचे काम त्याच्या थोडे आधी सुरू झाले असावे. तरी पहिलेपणाचा मान जपूनच द्यावा. खळ्याभोवतीचे किंवा गंजीभोवतीचे गवत आधीच जाळून घेण्याची शेतकऱ्यांची रीत याहून जुनी असणे संभवते. पिअर्सन यांचे श्रेय शोधाचे नव्हे, मोठ्या क्षेत्रावरील अंमलबजावणीचे मानणे अधिक सयुक्तिक. आगबंदीमुळे ब्रह्मदेशातील दमट सागवनांत सागाचे पुनरुत्पादन खुंटते, असा आक्षेप 1890 च्या दशकात वनाधिकाऱ्यांनीच घेतला. कोरड्या पानझडी वनांना मात्र तो तितकासा लागू पडत नाही.

पट्ट्याची रुंदी साधारण 3 ते 12 मीटर. उतार व गवताची उंची पाहून कमीअधिक. दोन्ही कडांना आधी अरुंद फीत कापून साफ करतात. गवत वाळलेले पण रात्री दव पडणारे असे दिवस साधून, वारा पडला असताना, मधले गवत पेटवतात. माणसे ओल्या डहाळ्या घेऊन कडेने चालतात आणि फितीबाहेर गेलेली आगीची जीभ झोडपून विझवतात. महाराष्ट्रात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो, त्यामुळे हे काम त्याआधी उरकावे लागते. पण सागाची पानगळ पुढेही चालू राहते आणि स्वच्छ पट्ट्यावर पुन्हा पाचोळा साचतो. तो पूर्वी खराट्याने, आता बहुधा ब्लोअरने उडवतात.

रेषा स्वतः आग थांबवते असे नाही. आडवे पडलेले एक वाळके खोडही आगीला पूल पुरवते. माणसांना उभे राहून प्रतिआग (वणव्याच्या दिशेने मुद्दाम लावलेली आग) लावता येईल अशी जागा, हाच तिचा खरा उपयोग.

राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे हे त्यांतले एक नेहमीचे कारण. आगीची सूचना आता उपग्रहावरूनही मिळते, पण उपग्रहावरील व्हीआयआयआरएस संवेदकाच्या चित्रातला एक ठिपका सुमारे 375 मीटरचा असतो. नेमकी जागा वनरक्षकाला चालत जाऊनच शोधावी लागते.