आवाज पिणारा फोम आणि आवाज अडवणारी शीट: मोटरहोमच्या जनरेटरच्या कप्प्यात कुणाचं काम कुठे

विसर्जनाच्या दिवशी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एखाद्या घरात खिडक्या लावून बसलं, की ताशा जवळजवळ ऐकू येईनासा होतो. ढोल मात्र भिंतीतून थेट छातीत येतो. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे माहीत असतंच. तरीही आमच्या मोटरहोमच्या जनरेटरच्या कप्प्यातला कुजलेला फोम बदलायला घेतला, तेव्हा मी हा अनुभव जमेस धरला नाही. त्यामुळे काम दोनदा करावं लागलं.

गाडी बसच्या चासीवर बांधलेली आहे. डाव्या बाजूला मागच्या चाकामागे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा कप्पा, त्यात दोन सिलिंडरचं डिझेल जनरेटर, आणि त्याच्या बरोबर वर आईचा पलंग. कप्प्याला आतून लावलेला मूळ फोम काळा पडून बोटाला चिकटायला लागला होता. त्याचे तुकडे पंख्याच्या जाळीवर जाऊन बसत. हवेची वाट अशी चोंदली की इंजिन तापतं, म्हणजे फोम बदलायचं कारण फक्त आवाज एवढंच नव्हतं. उष्णता, डिझेलची वाफ आणि पावसाळ्यातली ओल या तिन्हींनी साधा पॉलियुरेथेन फोम हळूहळू असा विरघळल्यासारखा होतो.

मी दुकानात जाऊन ‘साउंडप्रूफ फोम’ मागितला. अंड्याच्या ट्रेसारखे उंचवटे असलेला ५० मिलिमीटरचा काळा फोम मिळाला, तो चारही बाजूंनी चिकटवला. गंगापूर धरणाच्या बाजूला रात्री मुक्काम केला तेव्हा बाहेर उभं राहून फरक लगेच कळला. जनरेटरची ती कर्कश खडखड बरीच गेली होती. पण सकाळी आई म्हणाली, “बाहेरच्यांना बरं वाटत असेल रे, माझ्या उशीखाली अजून घुमतंय.” आईचं बरोबर होतं. मी आवाज पिणारी वस्तू आणली होती, आणि पलंगाखाली गरज होती ती आवाज अडवणाऱ्या वस्तूची.

हा फरक घर बदलताना कळतो. सामान हलवलेल्या रिकाम्या खोलीत बोललं की आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, पडदे, कपड्यांची कपाटं आली की तीच खोली शांत वाटते. पण शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी गोधड्या येण्याआधी जितकी ऐकू येत होती, तितकीच नंतरही येते. गोधडी खोलीतल्या खोलीत फिरणारा आवाज पिऊन टाकते. शिट्टी अडवायची तर भिंत लागते, आणि तीही जड. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड बाहेरचा गलका मंद होतो तो त्या भिंतींच्या वजनामुळे.

फोम काम कसं करतो ते पाहू. त्याची भोकं एकमेकांना जोडलेली असतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती या बारीक वाटांमध्ये शिरते, घासते, आणि तिच्यातली शक्ती अगदी थोड्या उष्णतेत बदलते. मात्र थर पातळ असेल तर फक्त तीक्ष्ण आवाज पकडला जातो. थराची जाडी लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी असेल, तर तो थर त्या आवाजाला चांगला पितो, असा ढोबळ हिशोब आहे. ५० मिलिमीटरचा फोम या हिशोबाने सेकंदाला सुमारे १७०० कंपनांच्या आवाजाला पुरतो. त्याच्या खालीही तो काही प्रमाणात काम करतो, पण जसजसं खाली जाल तसतसा लंगडा पडतो. आता आमचं जनरेटर बघा. मिनिटाला ३००० फेरे, दोन सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला ५० स्फोट. त्या ५० कंपनांच्या लहरीची लांबी जवळपास ६.८ मीटर, आणि तिचा पाव भाग १.७ मीटर. आईच्या उशीखाली घुमत होता तो हाच, आमच्या जनरेटरचा ढोल. एवढा जाड फोम लावायचा तर कप्पाच काय, निम्मी गाडी फोमने भरावी लागेल.

अडवणाऱ्या वस्तूचा कारभार निराळा. तिला भोकं चालत नाहीत, मऊपणाची गरज नाही, तिला लागतं वजन. भिंतीचं दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, हा तिचा मूळ नियम. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा दर चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो. म्हणूनच ॲल्युमिनियमचे कप्पे दिसायला सुबक असले तरी आवाजाच्या बाबतीत फार कच्चे असतात. एमएलव्ही म्हणून जी वजनदार व्हिनाइलची शीट मिळते, ती साधारण ३ मिलिमीटर जाडीत दर चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास असते. ती लावली की पत्र्याचं वजन दुपटीहून जास्त होतं. पूर्वी याच कामासाठी दोन फोमच्या थरांमध्ये शिशाचा पातळ पत्रा घालत. कमी कंपनांचा हा ढोल अडवणं शीटलाही जडच जातं, पण जाडी न वाढवता तिथे काही करता येतं ते वजनानेच.

मग सगळीकडे शीटच का लावू नये? कारण जनरेटरला श्वास घ्यावा लागतो.

इथेच दोघांच्या कामाची वाटणी होते, आणि मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. भिंतीत फट असेल तर भिंतीचं वजन वाया जातं. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी असेल, तर बाकी भिंत कितीही भारी असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. दोन चौरस मीटर पत्र्याच्या कप्प्यात १ टक्का म्हणजे १४ बाय १४ सेंटिमीटरचं एक भोक. वायर आत नेण्यासाठी पाडलेलं छिद्र, दाराचं झिजलेलं रबर आणि तळाचा उघडा कोपरा धरला की एवढी जागा सहज भरते. या फटी बुजवायच्याच. पण हवा आत येण्याची आणि गरम हवा बाहेर जाण्याची वाट बुजवता येत नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर गेलेला असताना ती झाकणं म्हणजे इंजिन जाळणं. तिथे अडवणारी वस्तू हतबल असते, आणि पिणारा फोम कामाला येतो. हवेची वाट सरळ न ठेवता तिला एकदोन वळणं द्यायची आणि आतून फोमचं अस्तर लावायचं. हवा वळून जाते, आवाज वळणावर फोमला आपटतो आणि प्यायला जातो.

बंद भिंतींच्या आतही फोम हवाच. टणक पेटीत आवाज आपटून आपटून वाढतो, आणि मग शीटला जास्त आवाज अडवावा लागतो.

दुकानात ओळखायचं कसं? नावावर जाऊ नका, कारण सगळ्यालाच साउंडप्रूफ म्हणतात. तुकडा तोंडाला लावून फुंका. थोडा अडथळा होऊन हवा पलीकडे जात असेल तर तो पिणारा आहे. हवा जात नसेल तर हातात तोलून बघा. जड असेल तर अडवणारा. हवाही जात नाही आणि वजनही नाही, अशी वस्तू आवाजाच्या दृष्टीने दोन्हीकडून बिनकामाची. थर्मोकोल, पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम, एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा नायट्राइल रबरचा थर, हे सगळे याच गटातले. नायट्राइल उष्णतेसाठी उत्तम आहे, आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो. उष्णता रोखणारं ते आवाजही रोखणार, असं आपण धरून चालतो. चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलचंही तसंच. ते सायलेन्सरकडून येणारी उष्णता परतवतं, आवाजाला त्याची फिकीर नसते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा: तेल आत शिरू नये म्हणून वर पातळ पापुद्रा लावलेला चांगला फोम फुंकून कळत नाही. त्याची कापलेली कड बघून तिथून फुंकावं लागतं.

हा पापुद्रा जनरेटरच्या कप्प्यात मी अत्यावश्यक मानतो. उघडा फोम डिझेल आणि ऑइल स्पंजासारखा शोषतो, आणि तेलाने भिजलेला पॉलियुरेथेन फोम गरम इंजिनाशेजारी ठेवणं धोक्याचं आहे. तो पेटला तर धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. माझी पहिल्या खेपेची खरी चूक ही होती, ढोलाचा हिशोब त्यापुढे लहान. तो अंड्याच्या ट्रेचा फोम खोलीच्या भिंतीसाठी होता, आगीला प्रतिकार करणारा असं त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी भिंतींना मेलामाइन फोम घेतला. तो ज्योत काढून घेतली की स्वतःहून विझतो आणि वितळून थेंब टाकत नाही. सायलेन्सरजवळ फोम अजिबात लावला नाही. तिथे ग्लासक्लॉथमध्ये (काचेच्या धाग्यांच्या कापडात) शिवलेला रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, आणि पुढे मोकळी जागा सोडून पत्र्याची ढाल.

सातपूरच्या ज्या फॅब्रिकेटर काकांनी हे काम करून दिलं, त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरच्या कप्प्यात हात घालताना ही सवय हवीच. जुना फोम पट्टीने खरवडला, तेलकटपणा धुतला, कप्पा पूर्ण वाळू दिला. मग पत्र्याला लागून पातळ फोम, त्यावर जड शीट, आणि इंजिनाकडे तोंड करून जाड फोम. मधल्या पातळ थरामुळे शीट पत्र्याला घट्ट चिकटत नाही, पत्र्याची थरथर तिच्यात कमी उतरते. “चिकटवायच्या सोल्युशनवर छत सोडू नका साहेब,” काका म्हणाले, “तापलं की ढिलं पडतं, आणि जड शीट पंख्यावर येते.” म्हणून वरच्या बाजूला डक्टच्या इन्सुलेशनला लावतात तशा पिना आणि मोठे वॉशर मारले.

कप्प्यातून घराच्या बाजूला जाणारी प्रत्येक फट मी स्वतः टॉर्च लावून तपासली. तिथून आवाज येतो, तसा सायलेन्सरचा धूरही येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पलंगाजवळ त्याचा अलार्म बसवला आहे.

एवढं करूनही ढोलाचा जो अंश उरला, तो हवेतून येतच नव्हता. जनरेटर ज्या रबरी पायांवर बसतं, ते दगडासारखे कडक झाले होते, आणि कंपन चासीतून सरळ पलंगात चढत होतं. ते पाय बदलल्यावर आई रात्रभर झोपली. या वाटेवर फोम आणि शीट दोघांचाही काही उपयोग नाही.

शेजाऱ्यांचा हिशोबही करून ठेवला. १ जानेवारी २००५ नंतर बनलेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या क्षमतेच्या डिझेल जनरेटरला आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ७५ चे ४५ व्हायला ३२ मीटर लागतात. २०२७ च्या सिंहस्थात तपोवनाकडे गाड्यांच्या रांगा लागतील, तिथे कुणाला ३२ मीटर मिळणार? मी रात्री दहाला जनरेटर बंद करून बॅटरीवर जातो.

ऑइल बदलायच्या दिवशी फोम अंगठ्याने दाबून बघतो. दाबल्यावर तो परत वर आला नाही, किंवा बोट काळं झालं, तर तेवढा तुकडा काढून नवा लावायचा. दाराच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख लिहिली आहे, पुढची तपासणी पावसाळ्याआधी.