डोळे पिवळे होईपर्यंत पाणी स्वच्छ झालेलं असतं

सोसायटीत काविळीची साथ आली की आधी टाकीचं पाणी तपासायला जातं, रिपोर्ट बऱ्याचदा चांगला येतो आणि मग सगळे बाहेरच्या खाण्यावर घसरतात. गोम अशी की घाण पाण्यातून पसरून अशा साथी आणणारा हिपॅटायटिस ई चा व्हायरस पोटात गेल्यावर कावीळ दिसायला २ ते ८ आठवडे जातात, म्हणजे ज्या पाण्याने घात केला ते कधीच पिऊन संपलेलं असतं.

याचा मोठा धडा १९५५ मध्ये दिल्लीत मिळाला. यमुनेचं पात्र सरकलेलं, त्यात पूर, आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलतात तिथेच शिरलं. पाणीपुरवठ्याच्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं बरं का, त्यांनी क्लोरीनही वाढवलं, आणि टायफॉइडची साथ काही आली नाही. सुटलो असं वाटत असतानाच डिसेंबर-जानेवारीत कावीळ सुरू झाली, सुमारे २९ हजार जणांना! बॅक्टेरिया मेले, व्हायरस तेवढ्या क्लोरीनला बधला नाही. गरोदर बायकांमध्ये मृत्यू जास्त झाले, ते का हे आजही नीट उलगडलेलं नाही.

पुढे जवळजवळ २५ वर्षं सगळे याला हिपॅटायटिस ए, म्हणजे काविळीच्याच दुसऱ्या एका व्हायरसचा आजार, समजत होते. खरं तर ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जायचा आणि एकदा झाला की पुन्हा होत नाही, मग एवढी मोठी माणसं कशी आजारी पडली? १९७८ ला काश्मीरमध्ये अशीच साथ आली तेव्हा तिथल्याच डॉ. खुरू यांना हा वेगळाच आजार असल्याचा संशय आला, आणि १९८० मध्ये दिल्लीची जपून ठेवलेली रक्ताची सॅम्पल तपासली तर त्यात ए नव्हताच. १९८३ मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञाने तर कमाल केली, आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्यायला आणि ३६ व्या दिवशी आजारी पडला, पण त्याच्या विष्ठेत हा नवा व्हायरस, म्हणजेच ई, मायक्रोस्कोपखाली दिसला. (असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही.)

एवढं कळूनही १९९१ मध्ये कानपूरला अंदाजे ७९ हजार केसेस झाल्याच.

सोसायट्यांमध्ये नदीचीही गरज नसते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, शेजारून ड्रेनेज लाइन गळत असली की तो रिकामा पाइप ती घाण आत ओढून घेतो आणि पाणी सुटलं की ती थेट जमिनीखालच्या टाकीत.