टाकीतला क्लोरीन आणि रिपोर्टमधलं क्लोराइड

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात आणि टँकरच्या मागोमाग पाण्याचा लॅब रिपोर्ट येतो. कमिटीतलं कुणीतरी तो ग्रुपवर टाकतं. समजा त्यात एका ओळीत लिहिलंय ‘क्लोराइड : १८० मिलिग्रॅम प्रति लिटर’ आणि चार ओळी खाली ‘उर्वरित मुक्त क्लोरीन : आढळला नाही’. मग गहजब ठरलेला. ‘अहो, एवढा क्लोरीन? घरात लहान मुलं आहेत!’ सेक्रेटरी टँकरवाल्याला फोन लावतात, तो म्हणतो, ‘साहेब, आम्ही क्लोरीन टाकतच नाही.’ सगळे निर्धास्त होतात.

खरं तर काळजी करायची ती नेमकी इथे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. म्हणजे १८० मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. उलट निर्जंतुक केलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन नळापर्यंत पोचताना निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असायला हवा. तो शून्य असेल, तर वाटेत एखादा जंतू शिरला तरी त्याला अडवणारं त्या पाण्यात कुणी नाही.

दहावीच्या पुस्तकातली आवर्तसारणी उघडली तर या दोघांसाठी घर एकच सापडतं: तिसरं आवर्त, गण सतरा, अणुअंक १७. घोळ इथूनच सुरू होतो. तो रकाना केंद्रकातले प्रोटॉन मोजतो, आणि प्रोटॉन दोघांकडेही सतराच. फरक बाहेरच्या कवचात आहे. क्लोरीनच्या अणूचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ७. अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पुरं व्हायला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. तो मिळाला की २, ८, ८ होतं, म्हणजे शेजारच्या आरगॉनसारखं, आणि त्या अणूचा क्लोराइड आयन, म्हणजे ऋण प्रभाराचा कण, बनतो. एवढ्या एका इलेक्ट्रॉनानं आकार जवळपास दुप्पट होतो. अणूची त्रिज्या सुमारे ९९ पिकोमीटर, आयनाची १८१.

स्वभाव तर पार पालटतो. इलेक्ट्रॉन न मिळालेले दोन अणू एकमेकांशी भागीदारी करून रेणू बनवतात. तोच हिरवट पिवळा, घसा जाळणारा, हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड वायू, जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला. क्लोराइडला रंग नाही, वास नाही. ते एकटं कधी भेटत नाही, सोबत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं कुणीतरी लागतंच. ठाण्याच्या खाडीत ते भरलेलं आहे, भातावरच्या वरणात आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इलेक्ट्रोलाइट्सच्या तपासणीतही सोडियम-पोटॅशियमच्या शेजारी त्याचा आकडा असतो.

म्हणून मुलांना आवर्तसारणी शिकवताना एक गोष्ट बजावून सांगावी असं मला वाटतं. रकान्याखाली छापलेले गुणधर्म, म्हणजे वायुरूप, उत्कलनांक उणे ३४ अंश सेल्सिअस, तीव्र अभिक्रियाशील, हे सगळे सुट्या मूलद्रव्याचे असतात. संयुगात शिरल्यावर त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. उरतो तो अणुअंक. (अणुवस्तुमान ३५.४५ हेही दोघांचं सारखंच धरायला हरकत नाही, कारण इलेक्ट्रॉनाचं वजन नगण्य. तो अपूर्णांक येतो क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ या समस्थानिकांच्या मिश्रणातून.)

क्लोरीनची ही इलेक्ट्रॉनाची ओढ किती असावी? आलेला इलेक्ट्रॉन सामावून घेताना सगळ्यांत जास्त ऊर्जा बाहेर टाकणारं मूलद्रव्य हेच आहे, मोलमागे सुमारे ३४९ किलोज्यूल. मान फ्लुओरीनचा असेल असं कुणालाही वाटेल, कारण गणात तो वर बसतो. पण फ्लुओरीनचा अणू इतका लहान की नव्या इलेक्ट्रॉनाला आधीच्यांची गर्दी सोसावी लागते. आवर्तसारणीतले कल ‘वरून खाली घटतो’ असे घोकणाऱ्यांसाठी हा अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

गफलत जुनी आहे आणि मोठमोठ्यांनी केलेली आहे. शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १७७४ मध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मँगनीजचं खनिज तापवून हा वायू मिळवला, म्हणजे क्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेतला. पण पुढची कित्येक वर्षं हा वायू म्हणजे ऑक्सिजनचं एखादं संयुग आहे असंच मानलं जात होतं. ते मूलद्रव्य असल्याचं हंफ्री डेव्हीनं १८१० मध्ये ठासून सांगितलं.

शाळेच्या प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं. ‘बघा, महापालिकेनं टाकलेला क्लोरीन!’ असं म्हणायचा मोह होतो. तो पांढरा साका क्लोराइडचा असतो, आणि मीठ विरघळवलेल्या पाण्यातही तसाच पडतो. क्लोरीन बघायचा तर पाणीपुरवठा खात्याची माणसं करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट हवी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. आता डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गोळीही वापरतात, तिनं गुलाबी रंग येतो. मिठाच्या पाण्यात ओटी कितीही ओता, पिवळेपणा येणार नाही.

पाण्यात क्लोरीन सोडला किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतूंच्या पेशींतून इलेक्ट्रॉन ओरबाडून ते त्यांना मारतं आणि त्या झटापटीत स्वतः क्लोराइड होऊन बसतं. म्हणजे काम फत्ते केलेला क्लोरीन शेवटी क्लोराइडच्याच खात्यात जमा होतो. पण टाकला जातो तो लिटरमागे एखाद-दोन मिलिग्रॅम. १८० मध्ये त्याचा वाटा किती, ते सांगायला नको.

मग उरलेलं कुठून आलं? बोअरवेलच्या खडकातून, मातीतून, कधी खाडीतून झिरपून. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. घोडबंदर रोडच्या उत्तरेला उल्हास नदी खाडी होऊनच वाहते, तेव्हा तिथल्या बोअरवेलवर नजर हवी. सांडपाण्यातही क्लोराइड भरपूर, कारण आपण खाल्लेलं मीठ शेवटी तिकडेच जातं. त्यामुळे टँकरच्या रिपोर्टमध्ये एकट्या १८० वर डोकं फोडण्यापेक्षा मागच्या वर्षीचा आकडा काढून बघावा. ६० चे १८० झाले असतील, तर पाणी कुठून भरलं हे टँकरवाल्याला विचारायलाच हवं.

घरातले उपायही दोघांसाठी वेगळे. पाणी उकळलं की क्लोरीन उडून जातो, क्लोराइड मात्र पातेल्यातच राहतं, उलट थोडं घट्ट होतं. फिल्टरमधली कार्बनची कांडी क्लोरीन काढते आणि क्लोराइडला हातही लावत नाही. क्लोराइड काढायचं तर आरओ लागतो. त्या पाण्यात मग क्लोरीनही नसतो, म्हणून आरओचं पाणी कळशीत दोन-दोन दिवस साठवणं मला पटत नाही.

इतकं शांत क्लोराइड लोखंडाच्या बाबतीत मात्र वाईट. काँक्रीटमधल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर असतो, तो क्लोराइड भेदतं आणि गंज सुरू होतो. १९७३ साली खुल्या झालेल्या वाशीच्या जुन्या खाडीपुलाच्या ताणलेल्या तारा खाडीच्या हवेत गंजल्या, आणि शेजारी १९९७ मध्ये नवा पूल आला.

क्लोराइडचा परत क्लोरीन होऊ शकतो का? होतो, आणि कारखानाच लागतो असं नाही. कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो करतात. घरात तो संडास धुताना होतो. ब्लीच ओतलं, डाग निघेना म्हणून वर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला क्लीनर ओतला, की आम्लातलं क्लोराइड आणि ब्लीचमधलं हायपोक्लोराइट भिडतात आणि खराखुरा क्लोरीन वायू निघतो. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा, दोन्ही बाटल्या एका फडताळात ठेवू नका. आणि कधी तसा वास आलाच, तर वाकून पुसत बसू नये. वायू जड असतो, जमिनीलगत साचतो. दार सताड उघडं टाकून सरळ बाहेर पडावं.