जंतू फुफ्फुसात, कावीळ डोळ्यांत

न्यूमोनियाने दाखल झालेल्या रुग्णाचे डोळे काही दिवसांत पिवळे दिसू लागले की नातेवाईक हादरतात: आता यकृतही गेलं का? अनेकदा यकृताच्या पेशी शाबूत असतात, सोनोग्राफीत खडाही दिसत नाही, तरी पित्त पुढे सरकत नाही. डॉक्टर याला सेप्सिसमधला (संसर्गाचा परिणाम शरीरभर झाल्यावरचा) कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्ताचा प्रवाह मंदावणं, म्हणतात.

अशी कावीळ वैद्यकाला जुनीच ओळखीची आहे. १८३७ मध्ये अमेरिकेत ‘न्यूमोनिया बिलिओसा’ या नावाने तिच्यावर लिहिलं गेलं. पण त्या शतकाचा सगळा विचार अडथळ्याभोवती फिरत राहिला. रुडॉल्फ फिरखो यांनी १८६५ मध्ये पित्तवाहिनीच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बोळा बसतो, म्हणून कावीळ होते असं मांडलं. पॅरिसच्या शार्को यांनी १८७७ मध्ये थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखालची कळ ही त्रयी सांगितली. ती आजही वॉर्डात कामाला येते, कारण तिथे नळी खरोखरच तुंबलेली असते आणि साचलेल्या पित्तात जंतू वाढतात. फुफ्फुसातल्या जंतूंनी यकृतातलं पित्त कसं अडवावं, हे मात्र त्यातून कळत नव्हतं.

उत्तराचा धागा १८९२ मध्येच हाती आला होता. कॉलऱ्याच्या मेलेल्या जंतूंमध्येही विष शिल्लक राहतं, असं रिचर्ड फायफर यांना बर्लिनमध्ये आढळलं. तेच एंडोटॉक्सिन. त्याचा पित्ताशी संबंध जुळायला फार काळ गेला. १९६२ मध्ये बर्नस्टाइन आणि ब्राउन यांनी सेप्सिस झालेल्या तान्ह्या बाळांमधल्या काविळीवर लिहिलं. १९७६ मध्ये युटिली आणि सहकाऱ्यांनी उंदराचं यकृत शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यात ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचं एंडोटॉक्सिन सोडलं, आणि पित्ताचा प्रवाह घटला. तिथे ना खडा होता, ना बोळा. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग वाटतो.

पुढचं चित्र नव्वदच्या दशकात स्पष्ट झालं. पित्त आपोआप पाझरत नाही. यकृतपेशीच्या पडद्यावरचे प्रथिनांचे पंप पित्तक्षार (पित्तातले पचनाला मदत करणारे क्षार) आणि बिलिरुबिन (काविळीचं पिवळं रंगद्रव्य) सूक्ष्म नलिकांमध्ये ढकलतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. रक्तातले पित्तक्षार पेशीत घेणारं प्रथिन १९९१ मध्ये, बिलिरुबिन बाहेर टाकणारं १९९६ मध्ये आणि पित्तक्षार बाहेर टाकणारं १९९८ मध्ये ओळखलं गेलं. एंडोटॉक्सिन आलं की यकृतातल्या कुप्फर पेशी (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही दाहाचे संदेश देणारी प्रथिनं सोडतात. त्यांच्या प्रभावाने हे पंप कमी बनू लागतात; काही तर पडद्यावरून पेशीच्या आत ओढले जातात. म्हणून डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन चढतं, यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात उतरणारं एसजीपीटी मात्र थोडंच वाढतं. संसर्गाशी लढणारी प्रथिनं बनवण्याला यकृत अशा वेळी अग्रक्रम देत असावं, असंही काही संशोधक मानतात.

महाराष्ट्राला यातली एक वेगळी तऱ्हा चांगलीच परिचित आहे: लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या काविळीचं वर्णन केलं आणि १९१५च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी तिचा जंतू शोधला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. हा जंतू स्वतःच यकृतात शिरतो आणि पेशींमधले सांधे सैल करतो, त्यामुळे पित्त नलिकेत न राहता झिरपून रक्तात येतं.

म्हणूनच तापासोबतची कावीळ ‘उतरवून’ घेण्यात किंवा झाडपाल्यावर घालवलेले दिवस जिवावर बेतू शकतात. नळी मोकळी असेल तर जंतूंचं मूळ ठिकाण शोधावं लागतं: फुफ्फुस, पोटातला गळू, मूत्रमार्ग. तान्ह्या बाळाच्या लांबलेल्या काविळीत डॉक्टर लघवीचं कल्चर सांगतात ते यासाठीच. योग्य अँटिबायोटिकने संसर्ग आटोक्यात आला की पंप पुन्हा कामाला लागतात. डोळ्यांचा पिवळेपणा त्यानंतरही काही आठवडे रेंगाळू शकतो. बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि ते अल्ब्युमिन झिजेपर्यंत तो रक्तातून जात नाही.