जरावर्णन (सीमाभागातील भक्तिकाव्य)

म्हातारपण, देहाची झीज आणि विसाव्याची ओढ हा भक्तिकाव्यातला जुना विषय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तो दोन भाषांतून कानावर पडतो : विठ्ठल मंदिरात अभंगातून, लिंगायत मठात कन्नड वचनातून, म्हणजे शिवभक्तांच्या छोट्या गद्यकाव्यातून. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा ज्या कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, तिथला संगमनाथ हे बसवण्णांचे (बारावे शतक) आराध्य. त्यांच्या एका प्रसिद्ध वचनात म्हातारपणाच्या खुणा क्रमाने येतात : कानशिलावर पिकलेले केस, गालावर सुरकुती, देहाचा सापळा, गेलेले दात, वाकलेली पाठ, परक्याची मिंधेगिरी, मांडीवर टेकलेला हात, मग काठी आणि शेवटी मृत्यूचा स्पर्श. हे सारे घडण्याआधीच कूडलसंगमदेवाची पूजा कर, असा त्याचा रोख.

ज्ञानेश्वरीच्या (१२९०) तेराव्या अध्यायात हीच सावधगिरी आहे. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष आधीच पाहणे हे गीतेने ज्ञानाचे लक्षण मानले. त्यावर ज्ञानदेव म्हणतात, आज भरात असलेले शरीर पुढे वाळलेल्या काचरीसारखे होणार, हे ज्ञानी माणूस तारुण्यातच ओळखून असतो.

तुकारामांच्या गाथेत मात्र म्हातारपण येऊन बसलेले असते. ‘म्हातारपणीं थेटे पडसें खोकला’ या अभंगात म्हातारा कपाळाला हात लावून बसला आहे, तोंडाची खोबऱ्याची वाटी झाली आहे, नाक गळते आहे, कफाने घसा गडगडतो आणि शब्द नीट फुटत नाही. इतके शारीरिक वर्णन संतकाव्यात थोडेच. तरी खरा घाव पुढच्या चरणात आहे : शेजारी म्हणतात, मरेना का मेला, याने आम्हाला कंटाळा आणला. खोकल्यापेक्षा घरादाराला झालेले ओझे जास्त लागते, हे तुकारामांनी नेमके धरले. बसवण्णांच्या वचनातली मिंधेगिरी तीच.

विसावा म्हणजे मरणाची इच्छा, असा अर्थ सरसकट लावणे चूक. वारकरी काव्यात थकव्याचे उत्तर देवाचे पाय हे आहे. ‘आतां कोठें धांवे मन’ या अभंगात चरण दिसताच भाग आणि शीण जातो, आणि तो याच देहात जातो. पंढरीला माहेर म्हणण्यामागेही हीच ओढ आहे. ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा निरोपाचा अभंग, तो वेगळा धरावा.

म्हणून भजनात निवड महत्त्वाची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी रूपाचे, नामाचे आणि करुणापर अभंग घ्यावेत. निरोपाचे अभंग उत्तरक्रियेच्या किंवा पुण्यतिथीच्या भजनासाठी ठेवावेत. आजाऱ्यासमोर ते म्हटले की घरची माणसे घाबरी होतात. दुसरी चूक ‘म्हातारपणीं थेटे’ या अभंगाच्या बाबतीत घडते. शेजाऱ्यांचा चरण नकला करून म्हटला की श्रोते हसतात, आणि गायक तिथेच गजराला वळतो. ‘तुका म्हणे’ हा चरण राहिला तर सगळी कामे सोडून क्षणोक्षणी रामनाम घ्या, हा उपदेशच गळतो आणि मागे उरते म्हाताऱ्याची टवाळी. तो चरण दोनदा म्हणावा.

चालीचेही तसेच. ‘मोठा अभंग’ या छंदात चरणाचे चार खंड साधारण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते (‘म्हातारपणीं थेटे’मध्ये मुख, नाक). विषय गंभीर म्हणून लय फार उतरवली की शेवटचा चार अक्षरांचा खंड लांबतो, यमक कानातून निसटते आणि टाळकरी ढिले पडतात. लय मध्यम ठेवावी. म्हाताऱ्या बुवांसाठी पट्टी (गाण्याचा आधारस्वर) मात्र खाली आणावी : तरुण मंडळी पेटीच्या काळी चारला गात असतील, तर बुवांना काळी एक झेपते. त्यांनी चरण म्हणावा आणि ध्रुवपद टाळकऱ्यांनी दोनदा उचलावे. तेवढ्यात त्यांना दम घेता येतो.