बेस एक्सेसचे दोन आकडे

नाशिकच्या आयसीयूत रात्री निघालेली एबीजीची (धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीची) स्लिप बहुतेक वेळा सकाळच्या राउंडआधीच मोबाइलवरून सरांकडे गेलेली असते. पीएच (रक्ताची आम्लता), पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब), बायकार्ब (आम्ल शमवणारे बायकार्बोनेट) पाहून रेसिडेंट निदान सांगून मोकळे होतात. गाडी अडते ती बेस एक्सेसवर, म्हणजे आम्ल-अल्कलीचा श्वसनाबाहेरचा बिघाड सांगणाऱ्या आकड्यावर, कारण अनेक मशीन तो दोनदा छापतात: एक रक्ताचा, दुसरा 'ईसीएफ'चा, म्हणजे पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवाचा. यामागचा वाद माहीत नसेल तर स्लिप अर्धीच वाचली जाते, असे माझे ठाम मत आहे.

1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड भरमसाट वाढलेला दिसे आणि डॉक्टर त्याला अल्कलोसिस (रक्तातली अल्कली वाढणे) समजत. श्वास अपुरा पडल्याने तो साठतो आहे, हे एका भूलतज्ज्ञाने ओळखले. गळ्याला छेद देऊन नळी घातली, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने बॅग दाबली आणि मुले वाचू लागली.

तिथल्याच प्रयोगशाळेतून पुढे बेस एक्सेस आला: श्वसनाचा भाग वगळून उरलेला बिघाड एका आकड्यात. 1963 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी हरकत घेतली. कार्बन डायऑक्साइड अचानक वाढला की शरीरात तयार झालेले बायकार्ब रक्ताबाहेरच्या द्रवातही झिरपते. परीक्षानळीत तसे होत नाही. त्यामुळे रक्तापुरता बेस एक्सेस उणे येतो आणि नसलेला मेटाबोलिक ॲसिडोसिस (श्वसनाशी संबंध नसलेली आम्लता) दिसतो. हरकत रास्तच होती. रक्त बाहेरच्या द्रवात मिसळून पातळ झाले असे मानून डॅनिशांनी हिमोग्लोबिन 5 ग्रॅम धरून गणित फिरवले, तोच 'ईसीएफ'चा आकडा. बोस्टनकरांनी मात्र नियम दिले: पीसीओटू 10 ने अचानक वाढला तर बायकार्ब 1 ने वाढते, जुनाट आजारात साधारण 3.5 ने.

मला हे नियमच जवळचे वाटतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजीबाईंचा पीसीओटू 60 आणि बायकार्ब 31 असेल, तर बेस एक्सेस अधिक येणारच. ती किडनीने केलेली भरपाई आहे, वेगळा अल्कलोसिस नव्हे. 1980 नंतर रक्तातल्या धन आणि ऋण आयनांच्या फरकावरून हिशेब करण्याची तिसरी पद्धत आली. अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) घसरलेल्या रुग्णात ती उपयोगी पडते, पण खाटेशी उभे राहून करायला जड जाते.

ऑक्सिजनच्या आकड्यावरून एवढे रण माजले नाही, पण तोही गाव पाहून वाचावा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर असल्याने हवेचा दाब 710 मिमीच्या आसपास असतो, आणि निरोगी माणसाच्या वायुकोशातला ऑक्सिजनही मुंबईपेक्षा सुमारे 10 मिमीने कमी भरतो.